रानातल्या गाणाऱ्या पक्ष्यांचे आवाज समजून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्ष्याचा आवाज कानावर पडला की मनात पहिला प्रश्न येतो तो ‘हा कोण?’ असा. तो रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला ‘हा कोणाला उद्देशून आणि कशाबद्दल बोलतो आहे?’ असेही विचारण्याची सवय लावून घेतली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तरसुद्धा पुष्कळदा लवकर सापडते. पुढील उत्तरे या दुसऱ्या प्रश्नाकडे झुकलेली आहेत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

गाणे आणि साद यांत नेमका फरक काय?

ढोबळमानाने गाणे लांब, रचनाबद्ध आणि बहुधा विणीच्या हंगामापुरते असते, तर साद आखूड, साधी आणि बारमाही असते. गाण्याचा संबंध हद्दीशी आणि जोडीदाराशी असतो. सादेचा संबंध त्या क्षणाच्या निकडीशी असतो, मग ती भूक असो, भीती असो किंवा ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस?’ एवढीच विचारणा असो.

दयाळ पक्ष्यात हे दोन्ही एकाच ठिकाणी पाहायला मिळते. विणीच्या दिवसांत नर उजाडण्यापूर्वीच झाडाच्या शेंड्यावर येऊन बसतो आणि दोन-तीन सेकंदांची एक गोड ओळ म्हणतो. मग तो थांबतो. ती शांतता रिकामी नसते, कारण त्या अवधीत पलीकडच्या हद्दीतला दुसरा नर उत्तर देत असतो आणि हा ते ऐकत असतो. त्यानंतर पुन्हा ओळ येते, पण शेवट थोडा बदललेला असतो. एवढ्यात झुडपाखालून मांजर सरकताना दिसले, तर हाच गवई क्षणात खालच्या फांदीवर येतो, शेपूट ताडकन उभी करतो आणि सुती कापड फाडल्यासारखा ‘चर्रर्र’ असा कर्कश आवाज काढू लागतो. पहिले गाणे, दुसरी साद.

ही रेघ मात्र सगळीकडे इतकी ठळक नसते. काही जातींचे गाणे इतके तोकडे असते की नवख्या माणसाला ते सादच वाटते. उलट काही फिंच पक्ष्यांमध्ये जोडी जमल्यावर नर-मादीच्या उडतानाच्या सादा हळूहळू एकमेकींसारख्या होत जातात, म्हणजे सादही शिकली जाऊ शकते.

‘गाणारे पक्षी’ म्हणजे कोणते? कोकीळ त्यांत येतो का?

येत नाही, आणि कावळा येतो! जीवशास्त्राच्या भाषेत गाणारे पक्षी म्हणजे ऑसाइन या उपगणातील पक्षी. जगातील सुमारे ११,००० पक्षिजातींपैकी जवळपास ५,००० जाती या उपगणात मोडतात. दयाळ, बुलबुल, शिंपी, चंडोल, साळुंकी, सुगरण यांच्याबरोबर कावळाही याच घराण्यातला आहे. हे वर्गीकरण गोडव्यावरून केलेले नाही. ते स्वरयंत्राच्या रचनेवर आणि वंशावळीवर आधारलेले आहे.

कोकीळ वेगळ्या गणातला, म्हणजे पावशाचा भाऊबंद. त्याचे ‘कुहू’ शिकवणीतून आलेले नसते, ते उपजत असते. म्हणून कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ मोठेपणी कुहूच म्हणतो. जाता जाता आणखी एक गैरसमज : कवितेत गाते ती कोकिळा, पण झाडावर गातो तो नर. मादीचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा असतो.

एवढ्याशा गळ्यातून एवढा मोठा आवाज कसा निघतो?

माणसाचे स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असते, तर पक्ष्याचे खालच्या टोकाला, जिथे श्वासनलिकेला दोन फुप्फुसांकडे जाणारे फाटे फुटतात तिथे असते. त्याला सिरिंक्स म्हणतात. दोन फाट्यांवर बसलेले असल्यामुळे त्याला दोन स्वतंत्र बाजू मिळतात आणि गाणाऱ्या पक्ष्यांना त्या वेगवेगळ्या चालवता येतात. वुड थ्रश हा अमेरिकी पक्षी त्यामुळेच एकाच वेळी दोन स्वर काढू शकतो, जणू एकाच गळ्यात जुगलबंदी. नॉर्दर्न कार्डिनल या लाल पक्ष्याची लांबलचक घसरती शीळ एकसंध वाटते. प्रत्यक्षात तिचा खालचा भाग डाव्या बाजूने आणि वरचा उजव्या बाजूने निघतो, पण मधला सांधा कानाला जाणवत नाही.

श्वासाचे कसबही तितकेच महत्त्वाचे आहे. कॅनरी पक्षी जलद ताना घेताना दोन स्वरखंडांच्या मधल्या फटीत अगदी छोटा श्वास ओढून घेतो, आणि तेही सेकंदाला २५ हून अधिक स्वरखंडांच्या वेगात. आपण ज्याला ‘एका दमात’ म्हणतो तो प्रत्यक्षात शेकडो दमांचा हिशेब असतो.

पिल्लांना गाणे जन्मतः येते की ते शिकतात?

गाणाऱ्या पक्ष्यांना ते शिकावे लागते. पोपट आणि हमिंगबर्ड हेही स्वर शिकतात, पण बहुसंख्य पक्ष्यांना ही सोय नाही.

याचा पद्धतशीर पुरावा १९५० च्या दशकात केंब्रिज येथे विल्यम थॉर्प यांनी मिळवला. त्यांनी चॅफिंच या छोट्या पक्ष्याची पिल्ले इतर पक्ष्यांचा आवाज कानी पडणार नाही अशा रीतीने वाढवली. ती मोठी झाल्यावर गायली खरी, आणि गाण्याची लांबी साधारण जमलीही; पण आतील नक्षी विस्कटलेली होती. थॉर्प यांचे सहकारी पीटर मार्लर यांनी पुढे व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या उत्तर अमेरिकी पक्ष्यावर काम करून दाखवले, की साधारण १० ते ५० दिवसांच्या वयात ऐकलेले गाणे त्या पिल्लाच्या मनावर ठसते. त्या काळात स्वजातीचे आणि परक्या जातीचे अशी दोन्ही गाणी ऐकवली, तर ध्वनिफितीवरून शिकणारे पिल्लू स्वजातीचेच उचलते. कोणते गाणे आपले, याचा काहीएक अंदाज ते जन्मताच घेऊन येते.

ऐकणे आणि गाणे यांच्यात काही महिन्यांचे अंतर असू शकते. पिल्लू आधी ऐकते, साठवते, आणि नंतर आठवणीतल्या नमुन्याशी स्वतःचा आवाज ताडून पाहत सराव करते. मासाकाझु कोनिशी यांनी १९६५ मध्ये दाखवले, की नमुना ऐकून झाल्यानंतर पण गायला लागण्यापूर्वी पक्ष्याची श्रवणशक्ती गेली, तर त्याचे गाणे बिघडते. केवळ आठवण असून भागत नाही. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाने तपासावा लागतो.

हा सराव रानात ऐकायला मिळतो, फक्त त्यासाठी जवळ जावे लागते. दाट झुडपाच्या आत, खालच्या अंगाला एखादा तरुण पक्षी चोच जेमतेम उघडून पुटपुटत असतो. आवाज हळू, सूर डळमळीत, एक तुकडा अर्ध्यात सोडून दुसरा धरलेला, मध्येच दुसऱ्याच जातीची एखादी साद. ऐकणाऱ्याला वाटते की ही कोणती तरी नवीन जात आहे. माझ्या मते क्षेत्रभ्रमणाच्या नोंदवह्यांतील ‘अनोळखी पक्षी’ या नोंदींपैकी बऱ्याच या उमेदवारांच्या असाव्यात. पुढे याच पुटपुटीतून गाणे आकार घेते आणि शेवटी पक्के होते. झेब्रा फिंचमध्ये हा टप्पा जन्मापासून साधारण तीन महिन्यांत येतो आणि मग ते गाणे आयुष्यभर टिकते; कॅनरी मात्र वर्षागणिक गाण्यात भर घालू शकतो.

पक्षी आनंदासाठी गातात का?

त्यांना गाताना काय वाटते हे बाहेरून सांगता येत नाही. गाण्याने काय साधते हे मात्र तपासता येते. जॉन क्रेब्ज यांनी १९७० च्या दशकात ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात ग्रेट टिट पक्ष्यांना त्यांच्या हद्दींतून हलवले. काही मोकळ्या हद्दींत त्यांनी ध्वनिवर्धकावरून त्याच जातीचे गाणे वाजवले, काहींत साध्या शिट्टीचे सूर वाजवले आणि काही शांत ठेवल्या. गाणे वाजत असलेल्या हद्दी इतरांपेक्षा उशिरा बळकावल्या गेल्या. मालक घरी नसला तरी त्याच्या आवाजाने कुंपणाचे काम केले.

गाणे दोन श्रोत्यांसाठी असते : नरांना ते ‘आत येऊ नका’ असे सांगते, माद्यांना ‘इथे या’ असे. श्रोताही चोखंदळ असतो. ओळखीच्या शेजाऱ्याचे गाणे नेहमीच्या दिशेने आले, तर नर फारसा लक्ष देत नाही. तेच गाणे भलत्या बाजूने किंवा परक्या नराच्या गळ्यातून आले, तर तो तत्काळ तिकडे झेपावतो.

या उद्योगाची व्याप्ती चकित करणारी आहे. कॅनडात लुइझ डी किरिलिन लॉरेन्स यांनी १९५२ मध्ये एका रेड-आइड व्हिरिओ नराचा पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाठलाग करून त्याची गाणी मोजली. ती २२,१९७ भरली. ब्राउन थ्रॅशर या पक्ष्याच्या एका नराकडे हजाराहून अधिक वेगवेगळ्या रचना असतात. चंडोलाचे उदाहरण आणखी निराळे आहे : मर्लिन हा छोटा ससाणा पाठीमागे लागलेला असतानाही काही चंडोल गात राहतात, आणि असे गाणाऱ्या चंडोलांचा पाठलाग तो लवकर सोडून देतो. ‘पळताना गाण्याइतका दम माझ्यात शिल्लक आहे’ हा निरोप शिकाऱ्यालाही कळतो.

फक्त नरच गातात ना?

नाही. हा समज मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांतील अभ्यासांमुळे रुजला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात, ज्यांची माहिती उपलब्ध होती त्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या जातींपैकी ७१ टक्के जातींत माद्या गातात असे आढळले, आणि या पक्ष्यांच्या पूर्वजांमध्ये नर-मादी दोघेही गात असावेत असा निष्कर्ष निघाला. उष्ण प्रदेशांत तर काही जोड्या इतक्या नेमक्या वेळेवर आळीपाळीने गातात की ऐकणाऱ्याला एकच पक्षी गात आहे असे वाटते. म्हणून ‘गातो आहे, म्हणजे नर’ अशी नोंद डोळे मिटून करू नये.

पहाटेच एवढी किलबिल का होते?

एकच कारण सांगून हा प्रश्न सुटत नाही. पहाटे वारा पडलेला असतो, त्यामुळे आवाज विस्कटत नाही. अंधूक प्रकाशात किडे दिसत नाहीत, म्हणजे खाण्याचा वेळ गाण्यात गेल्याने फारसे नुकसान होत नाही. रात्रीत एखाद्या शेजाऱ्याचा बळी गेला असेल, तर त्याची हद्द मोकळी झाल्याचे त्याच्या मौनावरून पहाटेच कळते. शिवाय रात्रभराच्या उपाशी शरीराने जोरात गाणे हा दमदारपणाचा दाखला ठरतो. पक्ष्यांच्या उठण्याला क्रमही असतो : शरीराच्या मानाने मोठ्या डोळ्यांच्या जाती आधी सुरू करतात, कारण त्यांना कमी उजेडात दिसते.

धोक्याचे इशारे कसे ओळखावेत?

हा भाग शिकला, तर रान वाचता येते असे मला वाटते, म्हणून इथे थोडे थांबू.

पीटर मार्लर यांनी १९५५ मध्ये दोन प्रकारच्या इशाऱ्यांची तुलना केली. ससाण्यासारखा शिकारी आकाशात दिसला की अनेक जातींचे छोटे पक्षी ‘सीईईट्’ असा बारीक, वरच्या पट्टीतला, अलगद सुरू होऊन अलगद विरणारा आवाज काढतात. अशा आवाजाची दिशा ठरवणे कठीण असते, म्हणून इशारा देणारा स्वतः उघडा पडत नाही. तो ऐकताच सगळे थिजतात किंवा पाल्यात घुसतात.

शिकारी बसलेला असेल, म्हणजे दिवसा झोपलेले घुबड, साप, मांजर, तर नेमके उलटे घडते. आवाज खरखरीत, तुटक, वारंवार आणि सहज दिशा कळेल असा असतो, कारण इथे लपायचे नसते, तर चार जणांना गोळा करून घेराव घालायचा असतो. एका बुलबुलाने सुरुवात केली की शिंपी, चष्मेवाला, नाचण, कोतवाल असे वेगवेगळ्या जातींचे पक्षी जमतात आणि सगळ्यांच्या चोची एकाच बिंदूकडे वळलेल्या असतात. त्या बिंदूकडे पाहावे. मी पाहिलेल्या घुबडांपैकी निम्मी तरी मला बुलबुलांनी दाखवली आहेत.

याच्या आत आणखी बारकावे असतात. ब्लॅक-कॅप्ड चिकडी या पक्ष्यावर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात असे दिसले, की शिकारी जितका धोकादायक तितके ‘डी-डी-डी’ हे स्वर वाढतात. आणि चपळ, छोटे घुबड त्यांना अवजड, मोठ्या घुबडापेक्षा अधिक धोकादायक वाटते. जपानी टिट पक्ष्यांमध्ये तोशिताका सुझुकी यांनी दाखवले, की ‘सावध राहा’ आणि ‘इकडे या’ या अर्थांच्या दोन सादा ठरावीक क्रमाने जोडल्या जातात. क्रम उलटा करून ऐकवला, तर पक्ष्यांचा प्रतिसाद मंदावतो. याला भाषा म्हणावे का, यावर वाद आहे. ‘भाषा’ हा शब्द घाईने वापरू नये, पण ‘नुसती किलबिल’ हा शब्दप्रयोगही आता टिकत नाही.

काही पक्षी दुसऱ्यांच्या नकला का करतात?

सगळ्या नकलांचे कारण एक नसते. मार्श वॉर्बलर हा पक्षी युरोपात वीण करतो आणि हिवाळा आफ्रिकेत काढतो. फ्रँस्वाज दोसेट-लमेर यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की एका नराच्या गाण्यात सरासरी ७६ जातींचे आवाज असतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकी जाती असतात. आफ्रिकेच्या कालाहारी भागातला दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल नक्कल चोरीसाठी वापरतो : दुसऱ्या प्राण्याने भक्ष्य पकडले की त्याच्याच जातीचा धोक्याचा इशारा खोटाच द्यायचा, तो पळाला की भक्ष्य उचलायचे.

भृंगराजही पट्टीचा नकलाकार आहे. एकदा शिक्र्याचा आवाज ऐकून मी अर्धा तास पानांत दुर्बीण खुपसून बसलो होतो, आणि शेवटी समोरच्याच फांदीवरून लांब शेपटीचा भृंगराज उडाला. तेव्हापासून एकाच जागेवरून पाच मिनिटांत चार ‘जाती’ ऐकू आल्या, तर मी आधी एका नकलाकाराचा संशय घेतो.

एकाच जातीचे पक्षी दोन ठिकाणी वेगळे का गातात?

गाणे शिकण्यातून येत असल्यामुळे त्याच्या बोली तयार होतात. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोच्या बोली काही किलोमीटरच्या अंतराने बदलतात. बोली पसरतेही : कॅनडाच्या पश्चिम भागात व्हाइट-थ्रोटेड स्पॅरोने गाण्याच्या शेवटच्या तीन-तीन स्वरांऐवजी दोन-दोन स्वर घ्यायला सुरुवात केली आणि काही दशकांत ही लकब पूर्वेकडे हजारो किलोमीटर पसरत गेली.

बोली मरतेही. ऑस्ट्रेलियातील रीजंट हनीईटर इतका दुर्मीळ झाला आहे की काही तरुण नरांना शिकवायला स्वजातीचे ज्येष्ठ नर उरलेले नाहीत. ते इतर जातींची गाणी म्हणतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांना रानात सोडण्यापूर्वी आता गाण्याची शिकवणी द्यावी लागते.

गोंगाटाचा काय परिणाम होतो?

रहदारीचा गोंगाट प्रामुख्याने खालच्या पट्टीत असतो. नेदरलँड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट अधिक वरच्या पट्टीत गातात, असे २००३ मध्ये आढळले. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को परिसर शांत झाला, तेव्हा तिथले व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो हळू आवाजात आणि खालच्या स्वरांसह गाऊ लागले; आवाज कमी, पण गाणे ऐकू जाण्याचे अंतर जास्त.

आवाज ओळखायला सुरुवात कुठून करावी?

एका पक्ष्यापासून. पन्नास आवाजांची ध्वनिफीत रात्री झोपताना ऐकणे हा वेळ वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण प्रसंगाविना ऐकलेला आवाज लक्षात राहत नाही. रोज दिसणारा एक पक्षी निवडावा आणि आवाज काढत असताना त्याला डोळ्यांनी पाहावे : चोच हलते आहे ना, तो कुठे बसला आहे, कोणाकडे पाहतो आहे, आणि आवाजानंतर काय घडले. असा एक पक्षी पक्का झाला की इतर आवाज त्याच्याशी ताडून पाहता येतात : याच्यापेक्षा वरच्या पट्टीत, पण लय संथ, किंवा सूर तसाच, पण तीनदा पुनरावृत्ती.

वर्णन करताना गोड-कर्कश यापलीकडे जावे. स्वर चढतो की उतरतो? शीळ स्वच्छ आहे की घोगरी? एकच तुकडा परत परत येतो की दर वेळी नवा? मधली विश्रांती किती? शिंपी हा अंगठ्याएवढा पक्षी एकच खणखणीत तुकडा मिनिटभर घोकत राहतो. ही हट्टी पुनरावृत्तीच त्याची खूण आहे. बोलांत बसवलेला आवाजही पक्का लक्षात राहतो. पावशाचे ‘पेरते व्हा’ एकदा कानात बसले की जात नाही. स्वतः रचलेले बोल अधिक टिकतात, मग ते इतरांना कितीही हास्यास्पद वाटोत.

स्पेक्ट्रोग्राम कसा वाचायचा?

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचे चित्र : डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची, आणि जितका गडद ठिपका तितका आवाज मोठा. स्वच्छ शीळ एका सडपातळ रेघेसारखी दिसते. ती वर वळली तर स्वर चढला. दयाळाची गाण्याची ओळ म्हणजे वळणदार रेघांची माळ, तर त्याचा ‘चर्रर्र’ म्हणजे खालपासून वरपर्यंत उभे, एकमेकांलगतचे फटकारे. बहुतेक गाणी १ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात सापडतात.

मोबाइलवरील ॲपवर विश्वास ठेवावा का?

दुसरे मत म्हणून जरूर ठेवावा. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या मर्लिन ॲपमध्ये आवाज ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली, आणि झेनो-कँटो या २००५ पासून चालू असलेल्या संग्रहात जगभरातील ध्वनिमुद्रणे विनामूल्य ऐकता येतात. पण ॲप नकलांना फसते, एकमेकांत मिसळलेल्या आवाजांत चुकते, आणि जात सांगते, प्रसंग सांगत नाही. आधी स्वतः अंदाज बांधावा आणि नंतर पडदा पाहावा. क्रम उलटला की कान आळशी होतो.

गाणे वाजवून पक्ष्याला जवळ बोलावले तर चालते का?

टाळावे. त्या नराच्या दृष्टीने त्याच्या हद्दीत परका घुसलेला असतो. तो खाणे आणि पिल्ले सोडून न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. विणीच्या काळात, दुर्मीळ जातींच्या बाबतीत आणि जिथे रोज माणसे येतात अशा जागी तर हे मुळीच करू नये.

इतरांना ऐकू येणारे काही आवाज मला ऐकू येत नाहीत. असे का?

वयानुसार वरच्या पट्टीतले स्वर आधी नाहीसे होतात. युरोपातल्या गोल्डक्रेस्टसारख्या इवल्या पक्ष्यांच्या सादा ७ किलोहर्ट्‌झच्या आसपास असल्यामुळे अनुभवी निरीक्षकांनाही साठीनंतर त्या हुकू लागतात, आणि ‘हा पक्षी हल्ली कमी झाला’ अशी चुकीची नोंद होते. अशी शंका आली, तर एखाद्या तरुण सोबत्याबरोबर फिरून यादी ताडून पाहावी. वरचे स्वर खालच्या पट्टीत आणून ऐकवणारी साधनेही मिळतात. पक्षी मात्र ओळखीपेक्षा वेगळ्या आवाजात ऐकू येतो, त्यामुळे त्याचे गाणे नव्याने शिकावे लागते.